शंकासमाधान : आउटबॉक्समध्ये अडकलेला ईमेल आणि फायरवॉल

ईमेल जात नाही, येत नाही किंवा उशिरा येतो अशा तक्रारींची बरीच पत्रे या सदराकडे जमली होती. त्यांतील सहा पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. फायरवॉल म्हणजे संगणकात येणारी-जाणारी इंटरनेटची वाहतूक तपासून नको ती अडवणारी राखणदार व्यवस्था. बहुतेक पत्रलेखकांना कोणी ना कोणी ‘फायरवॉल बंद करा’ असा सल्ला दिलेला आहे आणि काहींनी तो अमलातही आणला आहे. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे. पुढची उत्तरे वाचण्याआधी ते वाचावे, ही विनंती.

प्रश्न : मी सांगली येथे करसल्लागार आहे. आमच्या कार्यालयातील एका संगणकावर विंडोज ११ आणि आउटलुक आहे. गेल्या सोमवारपासून ईमेल येतात, परंतु आम्ही पाठवलेला एकही ईमेल जात नाही. सारे आउटबॉक्समध्ये पडून राहतात आणि ०एक्स८००४२१०९ असा त्रुटी-क्रमांक दिसतो. तंत्रज्ञाने येऊन फायरवॉल बंद केली, त्याबरोबर अडकलेले सर्व ईमेल गेले. ‘आता ती बंदच राहू द्या’ असे सांगून तो निघून गेला. अशिलांची विवरणपत्रे, पॅन आणि बँकांचे तपशील याच संगणकावर आहेत. फायरवॉल बंद ठेवणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. हे उत्तर पुढे वाचण्याआधी फायरवॉल पुन्हा चालू करावी. ईमेल आणखी एक दिवस अडकला तर अशिलाला दूरध्वनी करून सांगता येते. पण त्यांची कागदपत्रे असलेला संगणक उघडा राहिला, तर झालेले नुकसान भरून काढता येत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर पसरला होता. तो कोणत्याही ईमेलमधून आला नव्हता आणि त्यासाठी कोणी चुकीच्या जागी क्लिकही केले नव्हते. इंटरनेटला जोडलेल्या विंडोज संगणकाच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून (पोर्ट म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचे क्रमांक दिलेले दार) तो आपोआप आत शिरत असे. विंडोज एक्सपीमध्ये त्या वेळी फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या ‘सर्व्हिस पॅक २’ या विंडोज एक्सपीच्या सुधारणा-संचापासून ती आपोआप चालू राहू लागली. ज्या धड्यातून ती चालू झाली, तो धडा एका अडकलेल्या ईमेलसाठी पुसून टाकू नये.

तंत्रज्ञाने केलेली चाचणी मात्र वाया गेलेली नाही. फायरवॉल बंद करताच ईमेल गेले, याचा अर्थ आपला पासवर्ड बरोबर आहे, सर्व्हर (ईमेल-सेवेचा, ईमेल घेणारा-देणारा संगणक) चालू आहे आणि इंटरनेटची वाटही मोकळी आहे. अडवणूक आपल्याच संगणकात होत आहे. आता ती नेमकी कोण करतो, एवढेच शोधायचे उरले आहे.

ईमेल येतो पण जात नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. आउटलुकमध्ये आयमॅप किंवा पॉप (सर्व्हरवरून ईमेल आणण्याच्या दोन पद्धती) यांपैकी एका पद्धतीचे खाते असेल, तर येण्याची आणि जाण्याची दारे वेगवेगळी असतात. आयमॅपने ईमेल ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून येतो, पॉपने ९९५ वरून येतो आणि जाताना मात्र तो एसएमटीपी पद्धतीने ५८७ किंवा ४६५ वरून जातो. त्यामुळे येण्याचे दार उघडे आणि जाण्याचे बंद, ही स्थिती सहज शक्य असते. आपल्याला दिसलेला त्रुटी-क्रमांकही तेच सांगतो, कारण जाणाऱ्या ईमेलच्या सर्व्हरशी आउटलुकला संपर्क साधता आला नाही, असा त्याचा अर्थ आहे.

आता संशयित कोण ते पाहू. आपण मागितलेली नसताना बाहेरून येणारी जोडणी विंडोजची स्वतःची फायरवॉल अडवते. आतून बाहेर जाणारी जोडणी मात्र, कोणी मुद्दाम तसा नियम केलेला नसेल, तर ती जाऊ देते. म्हणून ईमेल बाहेर जात नसेल तेव्हा विंडोजच्या फायरवॉलवर पहिला संशय घेण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा संगणकावर अँटिव्हायरसचे मोठे पॅकेज बसवलेले असते आणि त्याच्यासोबत त्याची वेगळी फायरवॉल आलेली असते. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सेटिंग्जमधील ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ येथे गेल्यास फायरवॉल या शीर्षकाखाली जे नाव दिसेल, तीच आपल्या संगणकाची खरी राखणदार आहे. तंत्रज्ञाने नेमके काय बंद केले, हेही त्यावरून कळेल.

तेथे अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर त्या पॅकेजच्या फायरवॉल विभागात प्रोग्रामांची यादी शोधावी. प्रत्येक पॅकेजमध्ये तिचे नाव निराळे असते, पण ‘ॲप्लिकेशन रूल्स’ किंवा ‘प्रोग्राम कंट्रोल’ अशा धर्तीचे काही तरी सापडते. अशा यादीत मी एकदा कोल्हापूरच्या एका कार्यालयात आउटलुकच्या दोन नोंदी पाहिल्या होत्या. एका नोंदीपुढे ‘अलाउ’ आणि दुसरीपुढे ‘ब्लॉक’ असे लिहिले होते. झाले होते ते असे : आउटलुक अद्ययावत झाल्यावर त्याची मूळ फाइल बदलली आणि फायरवॉलला तो नवा, अनोळखी प्रोग्राम वाटला. तिने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘याला बाहेर जाऊ द्यायचे का?’ असे विचारले आणि कामाच्या घाईत असलेल्या कोणीतरी ती चौकट दूर व्हावी म्हणून पहिले हाती लागलेले बटण दाबले. जुनी परवानगी जुन्या फाइलच्या नावावर राहिली आणि नव्या फाइलला मनाई झाली. आपल्याकडे सर्व काही सोमवारी एकाएकी बंद पडले, म्हणून हीच शक्यता मला अधिक वाटते. अशा वेळी दोन्ही नोंदी काढून टाकाव्यात, आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे आणि फायरवॉल विचारील तेव्हा परवानगी द्यावी. विचारलेच नाही, तर आउटलुकच्या आत्ताच्या फाइलची नोंद हाताने करावी.

‘मॅनेज प्रोव्हायडर्स’मध्ये केवळ विंडोजची फायरवॉल दिसत असेल, तर स्टार्ट मेनूमध्ये ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ शोधून उघडावे आणि डावीकडील ‘आउटबाउंड रूल्स’वर क्लिक करावे. यादी लांबलचक असते. तिला घाबरू नये. ज्या नियमांपुढे लाल रंगाचे मनाईचे चिन्ह आहे तेवढेच पाहायचे आहेत आणि घरगुती संगणकावर असे नियम क्वचितच सापडतात. त्यांतील एखादा आउटलुकच्या नावाचा किंवा ५८७ वा ४६५ या पोर्टचा असेल, तर त्यावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल रूल’ निवडावे. तो लगेच पुसून टाकू नये. तो कोणी आणि कशासाठी केला होता हे कळेपर्यंत नुसता निष्क्रिय ठेवावा. येथे एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण तिच्यापायी पुष्कळांचा दिवस वाया जातो : विंडोजच्या फायरवॉलमध्ये एकाच प्रोग्रामसाठी परवानगीचा आणि मनाईचा असे दोन नियम असतील, तर साधारणतः मनाईचा नियम चालतो. मनाईचा नियम जागच्या जागी असताना परवानग्यांची संख्या कितीही वाढवली तरी ईमेल जाणार नाही.

यातून उलगडा न झाल्यास आणखी एक चाचणी आहे आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटते. स्टार्ट मेनूमधून ‘पॉवरशेल’ हा आज्ञा टाइप करून चालवण्याचा विंडोजचा प्रोग्राम उघडावा. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा टाइप करून एक जागा सोडावी, मग जाणाऱ्या ईमेलच्या सर्व्हरचे नाव लिहावे, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ व तिला जोडून ‘पोर्ट’ हा शब्द आणि शेवटी ५८७ हा आकडा लिहून एंटर दाबावे. काही सेकंदांत खाली काही ओळी उमटतात. त्यांतील शेवटच्या, ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ या ओळीपुढे ‘ट्रू’ आले तर पोर्टची वाट मोकळी आहे. ‘फॉल्स’ आले तर ती बंद आहे.

या उत्तराचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. ही चाचणी पॉवरशेल करतो, आउटलुक नव्हे. म्हणून ‘ट्रू’ आले आणि तरीही आउटलुकमधून ईमेल जात नसेल, तर मनाई त्या एका प्रोग्रामाला आहे आणि वर सांगितलेल्या प्रोग्रामांच्या यादीतच तिचे मूळ सापडेल. ‘फॉल्स’ आले तर मनाई पोर्टलाच आहे. मग ती संगणकात आहे की बाहेर, हे ठरवण्यासाठी संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून तीच चाचणी पुन्हा करावी. हॉटस्पॉटवर ‘ट्रू’ आले, तर दोष संगणकात नसून राउटरमध्ये किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात आहे. दोन्हीकडे ‘फॉल्स’ आले, तर आपल्या संगणकातील फायरवॉलमध्ये त्या पोर्टविरुद्धचा नियम शोधावा. सर्व्हरचे नाव लिहिण्यात चूक झालेली नाही ना, हेही एकदा पाहावे; एका अक्षराच्या चुकीने ही सारी मेहनत फुकट गेल्याचे मी पाहिले आहे.

चाचणीसाठी नेहमी दोन ओळींचा, जोडपत्र नसलेला ईमेल वापरावा. लहान ईमेल जातो आणि मोठ्या जोडपत्राचाच अडकतो, असे असेल तर तो फायरवॉलच्या नियमाचा प्रश्न नव्हे. जीमेलवर एका ईमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि इतर सर्व्हरांच्याही आपापल्या मर्यादा असतात. विवरणपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती ही मर्यादा सहज ओलांडतात.

प्रश्न : मी रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक आहे. थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर बरीच वर्षे वापरतो. मुलाने नवा अँटिव्हायरस बसवून दिल्यापासून थंडरबर्ड उघडताच ‘सिक्युरिटी एक्सेप्शन’ या नावाची चौकट येते आणि प्रमाणपत्र अवैध असल्याचे सांगते. ‘कन्फर्म’ दाबले की ईमेल येतात. ते दाबत राहावे का? फायरवॉलमध्ये काही बदल करावा लागेल का?

उत्तर : फायरवॉलमध्ये काहीही बदल करू नये आणि ‘कन्फर्म’ दाबणेही थांबवावे. दाबताच ईमेल येतात हे खरे. पण ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्या हाती आपला पासवर्ड जातो आहे, असा इशारा ती चौकट आपल्याला देत असते. तो इशारा न वाचता पुढे जाण्याची सवय लागली, तर ज्या दिवशी धोका खरा असेल त्या दिवशीही हात आपोआप त्याच बटणाकडे जाईल.

घडते आहे ते असे. थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण कूटबद्ध असते, त्यामुळे वाटेतील कोणालाही, अगदी अँटिव्हायरसलाही, ते वाचता येत नाही. येणाऱ्या ईमेलमध्ये व्हायरस आहे का हे तपासण्यासाठी काही अँटिव्हायरस मध्ये उभे राहतात : सर्व्हरशी स्वतः बोलतात आणि थंडरबर्डपुढे सर्व्हर म्हणून स्वतःच उभे राहतात. त्यासाठी ते स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, दाखवतात. हे प्रमाणपत्र अँटिव्हायरसने विंडोजच्या विश्वासू यादीत आधीच घातलेले असते, म्हणून आउटलुकसारखी विंडोजवर विसंबणारी सॉफ्टवेअरे तक्रार करत नाहीत. थंडरबर्ड मात्र विश्वासू प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो आणि तिच्यात हे नाव नसल्यामुळे तो अडून बसतो.

खात्री करून घेणे सोपे आहे. त्या चौकटीतील ‘व्ह्यू’ हे बटण दाबावे आणि प्रमाणपत्र कोणी दिले आहे, म्हणजे ‘इश्यूअर’ या शब्दाखाली कोणाचे नाव आहे, ते वाचावे. आपल्याच अँटिव्हायरसचे नाव असेल, तर वर सांगितलेलेच कारण आहे. अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ईमेल स्कॅन’ किंवा ‘एसएसएल स्कॅन’ यांसारखा पर्याय तेवढा बंद करावा. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करू नये. यात संरक्षण फारसे कमी होत नाही, कारण जोडपत्र उघडताना किंवा डिस्कवर साठवताना फाइल तपासण्याचे अँटिव्हायरसचे काम पूर्ववत चालू राहते. त्यानंतर थंडरबर्डच्या सेटिंग्जमधील प्रमाणपत्रांच्या विभागात ‘सर्व्हर्स’ या टॅबखाली आपण पूर्वी मान्य केलेले अपवाद दिसतील, तेही काढून टाकावेत.

‘इश्यूअर’ म्हणून भलतेच, अनोळखी नाव दिसले, तर तेथेच थांबावे. सार्वजनिक वायफायवर असाल तर ते तोडावे आणि मुलाला किंवा जाणकाराला त्या चौकटीचे छायाचित्र पाठवावे. आणखी एक साधे कारण तपासायचे राहू नये : जुन्या संगणकाची मदरबोर्डवरील बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि मग उत्तम प्रमाणपत्रही ‘अद्याप वैध नाही’ असे दिसते. चौकटीवर चिडण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आणि साल पाहून घ्यावे.

प्रश्न : इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. कंपनीच्या नावाचे स्वतःचे ईमेल पत्ते आहेत. ब्रॉडबँडची जोडणी बदलली आणि त्या दिवसापासून एकाही संगणकावरून ईमेल जात नाही. फायरवॉल तपासली, तिच्यात काही दिसत नाही. सेटिंग्जमध्ये जाणाऱ्या सर्व्हरचे पोर्ट २५ आहे.

उत्तर : उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यातच आहे. २५ हे एसएमटीपीचे मूळ पोर्ट असून १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या मूळ नियमपत्रापासून ते चालत आले आहे. आज त्याचे खरे काम एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला ईमेल पोहोचवणे एवढेच उरले आहे. व्हायरस लागलेले घरगुती संगणक याच पोर्टवरून नकळत लाखो जाहिराती पाठवतात, म्हणून जगभरातील अनेक इंटरनेट पुरवठादार ग्राहकांकडून बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. आपल्या जुन्या पुरवठादाराने ते उघडे ठेवले असावे, नव्याने बंद ठेवले असावे. ते उघडून मागण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक संगणकावर पोर्ट ५८७ करून सुरक्षेच्या रकान्यात ‘स्टार्टटीएलएस’ निवडावे किंवा पोर्ट ४६५ करून ‘एसएसएल/टीएलएस’ निवडावे; दोन्ही संभाषण कूटबद्ध करण्याच्या पद्धती आहेत. त्याच पानावर जाणाऱ्या सर्व्हरसाठी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देण्याचा पर्यायही चालू करावा, कारण या दोन्ही पोर्टांवर ओळख पटवल्याशिवाय ईमेल स्वीकारला जात नाही.

प्रश्न : मी म्हापसा, गोवा येथून लिहीत आहे. लहानसे अतिथिगृह चालवतो. थंडरबर्ड दिवसभर उघडा असतो, तरी आरक्षणाचे ईमेल कधी कधी दोन-दोन तासांनी दिसतात. ‘गेट मेसेजेस’ दाबले की मात्र सगळे एकदम येतात. मोबाइलवर तोच ईमेल लगेच आलेला असतो. एका पाहुण्याचे आरक्षण यामुळे हातचे गेले.

उत्तर : आरक्षण गेल्याचे वाचून वाईट वाटले. हा प्रश्न उशिराने लक्षात येतो, कारण कोणताही त्रुटी-संदेश दिसत नाही.

आयमॅपमध्ये ‘आयडल’ नावाची सोय आहे. १९९७ साली तिचा नियम प्रसिद्ध झाला. तिच्यामुळे थंडरबर्ड दर काही मिनिटांनी विचारत बसत नाही. तो सर्व्हरशी एक जोडणी उघडी ठेवून स्वस्थ राहतो आणि नवा ईमेल आला की सर्व्हर स्वतः कळवतो. मध्ये काहीच घडत नसेल, तर ही जोडणी मुकी असते. त्या नियमात ईमेल-सॉफ्टवेअरने निदान दर २९ मिनिटांनी जोडणी ताजी करावी, असे सुचवले आहे. आता घरातला किंवा कार्यालयातला राउटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. त्याच्यातील फायरवॉल बराच वेळ मुकी असलेली जोडणी ‘संपली’ असे समजून नोंद पुसून टाकते. काही राउटर याहून फार कमी वेळात हे करतात, आणि तसे केल्याचे ते ना थंडरबर्डला सांगतात, ना सर्व्हरला. सर्व्हरचा निरोप राउटरपाशी येतो आणि तो कोणासाठी आहे याची नोंदच नसल्यामुळे तेथेच टाकून दिला जातो. थंडरबर्ड मात्र जोडणी जिवंत आहे असे समजून वाट पाहत बसतो. आपण ‘गेट मेसेजेस’ दाबता तेव्हा त्याला जोडणी मेल्याचे कळते, तो नवी उघडतो आणि साचलेले ईमेल एकदम येतात.

उपाय थंडरबर्डमध्येच आहे. खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’ या पानावर दर काही मिनिटांनी नवे ईमेल तपासण्याचा पर्याय असतो. तो चालू करून तेथे ५ हा आकडा घालावा. आपले काम वेळेवर अवलंबून आहे, तेव्हा १० पेक्षा ५ बरा. तरीही उशीर होत राहिला, तर त्याच्या खालचा, सर्व्हरकडून तत्काळ सूचना घेण्याचा पर्याय काढून टाकावा, म्हणजे थंडरबर्ड आयडलवर विसंबणार नाही. राउटरच्या सेटिंग्जना हात लावण्याची गरज नाही. कोणी राउटरमधील फायरवॉल बंद करण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नये. ती बंद केल्याने नोंदी पुसण्याची मुदत बदलेलच असे नाही आणि पाहुण्यांनाही आपण हेच वायफाय देत असाल, तर तेथे ती चालू असणे अधिकच आवश्यक आहे.

प्रश्न : नाशिकहून लिहिते आहे. आउटलुकची जुनी आवृत्ती आहे, त्यात जीमेलचे खाते आहे. आउटलुक सारखा पासवर्ड विचारतो. बरोबर पासवर्ड दिला तरी पुन्हा विचारतो. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो. फायरवॉल आणि अँटिव्हायरस दोन्ही बंद करून पाहिले, काही फरक पडला नाही.

उत्तर : दोन्ही चालू करून टाकावेत, त्यांचा यात काहीही दोष नाही. पासवर्ड विचारला जातो आणि नाकारला जातो, याचा अर्थ आपला आउटलुक जीमेलच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेला आहे. फायरवॉलने अडवले असते, तर पासवर्ड नाकारायला कोणी भेटलेच नसते. ही खूण लक्षात ठेवली तर पुष्कळ श्रम वाचतात : ‘सर्व्हर सापडत नाही’, ‘वेळ संपली’ असे संदेश असतील तर फायरवॉलकडे पाहावे, ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश असेल तर खात्याकडे पाहावे.

३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व पासवर्ड देऊन बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून आत येण्याची सोय टप्प्याटप्प्याने काढून घेतली. नवी सॉफ्टवेअरे गूगलचे स्वतःचे पान उघडून तेथे परवानगी घेतात. आपल्या जुन्या आउटलुकला ते येत नाही. गूगल खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू करून ‘ॲप पासवर्ड’ तयार करावा. तो १६ अक्षरांचा असतो आणि पडद्यावर चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. तो आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी, मधल्या जागा न सोडता लिहावा. आपला नेहमीचा पासवर्ड ब्राउझरमध्ये पूर्वीसारखाच चालत राहील.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरच्या एका वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकतो. वसतिगृहाच्या वायफायवर लॅपटॉपमधील थंडरबर्ड चालत नाही. ‘सर्व्हर स्टार्टटीएलएस देत नाही’ असा संदेश येतो. मोबाइल डेटावर सर्व ठीक चालते. ब्राउझरमधून ईमेल वायफायवरही उघडतो. मित्राने सुरक्षेच्या रकान्यात ‘नन’ निवडायला सांगितले आहे. तसे करावे का?

उत्तर : कृपया करू नये. ‘नन’ निवडल्यावर आपले नाव, पासवर्ड आणि ईमेलचा मजकूर कोणत्याही आवरणाशिवाय त्या वायफायवरून जाऊ शकतो आणि एकाच जाळ्यावर शेकडो विद्यार्थी असलेल्या वसतिगृहात ते कोण वाचील हे सांगता येत नाही.

मोबाइल डेटावर सर्व चालते, यावरून आपल्या लॅपटॉपची फायरवॉल निर्दोष ठरते. अडथळा संस्थेच्या मुख्य फायरवॉलमध्ये आहे. ब्राउझर चालतो, कारण तो ४४३ क्रमांकाचे पोर्ट वापरतो आणि ते बंद केले तर जवळजवळ सर्व संकेतस्थळे बंद पडतील. ५८७ वर मात्र संभाषण आधी उघड्या भाषेत सुरू होते. सर्व्हर २२० या आकड्याने सुरू होणारी स्वागताची ओळ पाठवतो, मग आपण कोणकोणत्या सोयी देतो ते सांगतो, त्यांत ‘स्टार्टटीएलएस’ हा शब्द असतो, आणि तो ऐकल्यावर थंडरबर्ड कूटबद्ध बोलायला लागतो. काही संस्थांतील फायरवॉल एसएमटीपीची तपासणी करण्यासाठी या उघड्या भागात हात घालतात. एका संस्थेत मी ती ओळ स्वतः पाहिली आहे : २२० नंतर सर्व्हरच्या नावाच्या जागी ओळभर केवळ तारांकने होती आणि पुढच्या यादीत ‘स्टार्टटीएलएस’च्या जागी ‘एक्स’ ही अक्षरे भरलेली होती. शब्दच पोहोचला नाही, म्हणून सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे सांगते की सर्व्हर ती सोय देत नाही.

आपली ईमेल-सेवा ४६५ देत असेल, तर जाणाऱ्या सर्व्हरचे पोर्ट ४६५ आणि सुरक्षा ‘एसएसएल/टीएलएस’ करून पाहावे. या पोर्टवर पहिल्या शब्दापासूनच संभाषण कूटबद्ध असते, त्यामुळे मध्ये शब्द पुसण्याची संधी राहत नाही. येणाऱ्या ईमेलसाठीही १४३ ऐवजी ९९३ असल्याची खात्री करावी. दोन्ही पोर्ट संस्थेने सरळ बंद ठेवलेली असतील, तर भलत्या मार्गाने ती ओलांडण्याचा खटाटोप करू नये. तोवर ब्राउझरमधून ईमेल वापरावा आणि संगणक विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात ‘ईमेल चालत नाही’ एवढेच लिहू नये. सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक, दिवस आणि मिनिटापर्यंतची वेळ, त्या वेळी लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता (जाळ्यावरील त्याचा ओळख-क्रमांक) आणि मोबाइल डेटावर तेच पोर्ट चालल्याची नोंद द्यावी. एवढी माहिती हातात असली, तर त्या विभागातील माणसाला आपल्या फायरवॉलच्या नोंदींत नेमकी ती ओळ शोधता येते.